मुलाला सुतारकीत आणू का? आणि सीएनसीसाठी कर्ज काढू का?

प्रश्न

स.न.वि.वि.
मी कराडजवळ सुतारकाम करतो. वय ४३. वडीलही सुतारच होते. हाताखाली तीन कारागीर आहेत. महिन्याला साधारण २५ शीटचं काम होतं: किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, अधूनमधून दारं. गेल्या वर्षी आमच्या भागात मॉड्युलर फर्निचरचा (कारखान्यात बनवून घरी जोडायच्या कपाटांचा) एक कारखाना सुरू झाला. गिऱ्हाइकं थेट तिकडे जाऊ लागलीत. बाहेरच्या सुतारांनाही तो कटिंग, एजबँड (कडांना पट्टी लावणं) आणि ड्रिलिंग मिळून शीटमागे ७०० रुपयांनी करून देतो. एक मशीनवाला मला साडेअकरा लाखांचं सीएनसी राउटर (संगणकाने चालणारं, फळ्या कापायचं आणि भोकं पाडायचं मशीन) घ्या म्हणून मागे लागलाय. बँक पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. मुलगा यंदा दहावी झाला, त्याला माझ्याबरोबर यायचंय. पण मेव्हणे म्हणतात, आता एआय आणि रोबोट येतायत, सुतारकी ७२ टक्के जाणार असं परदेशातल्या अभ्यासात लिहिलंय, पोराला कॉम्प्युटरला घाला. मी काय करावं?
— एक सुतार, जि. सातारा

उत्तर

नमस्कार दादा,

मुलाला येऊ द्या. कर्ज काढू नका. आणि त्या कारखान्याकडून फळ्या कापून घ्यायला पुढच्याच कामापासून लागा. आता कारणं सांगतो.

मेव्हण्यांनी सांगितलेला आकडा खरा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल बेनेडिक्ट फ्रे आणि मायकल ऑस्बर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांची यादी केली होती. त्यात सुताराच्या नावापुढे ०.७२ आहे, आणि वर्कशॉपमध्ये कपाटं बनवणाऱ्या कारागिराच्या नावापुढे तर ०.९२. पण तो आकडा निघाला कसा, हेही मेव्हण्यांना सांगा. तज्ज्ञांनी ७० व्यवसाय निवडून त्यांच्यावर ‘यंत्राला जमेल’ किंवा ‘जमणार नाही’ असे शिक्के मारले. बोटांचं कौशल्य, अडचणीच्या जागेत काम करणं, माणसांना समजावणं अशा नऊ गुणांवरून बाकीच्यांचा हिशेब संगणकाने केला. म्हणजे प्रश्न फक्त तांत्रिक शक्यतेचा होता. यंत्र किती स्वस्त पडेल, कोण घेईल, कराडमधल्या दुसऱ्या मजल्यावर ते चढेल का, हे त्यात धरलेलंच नाही. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी दुसऱ्या अभ्यासकांनी अख्खा व्यवसाय न घेता त्यातली कामं सुटी करून तपासली. फ्रे आणि ऑस्बर्न यांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या धोक्यात आहेत असं म्हटलं होतं. या दुसऱ्या रीतीने तो आकडा ९ टक्क्यांवर आला.

तुम्हीही तेच करा. ‘सुतारकी जाणार का’ हे एकदम विचारू नका. एका किचनचं काम घ्या आणि त्याचे तुकडे पाडा: गिऱ्हाइकाशी बोलणं, मोजमाप, ड्रॉइंग, कटलिस्ट (कापायच्या तुकड्यांची मापांसकट यादी), कापणं, सनमायका चिकटवणं, कडा लावणं, बिजागऱ्यांची आणि मिनिफिक्सची (फळ्या जोडायच्या स्क्रूची) भोकं, जोडणी, नेणं-चढवणं, फिटिंग, शटर जुळवणं आणि सहा महिन्यांनी येणारा तक्रारीचा फोन. तुम्ही नुकत्याच केलेल्या तीन किचनमध्ये यातल्या प्रत्येक तुकड्याला किती माणूस-तास गेले ते आठवून वहीत लिहा. कापणं, चिकटवणं, कडा आणि भोकं या चार रकान्यांची बेरीज वेगळी करा. धोका तेवढ्याच भागाला आहे. आणि तो पुढे कधी तरी यायचा नाही, तुमच्या शेजारी येऊन बसलाय.

गंमत म्हणजे त्या कारखान्यात जे चाललंय त्यात एआय जवळजवळ नाहीच. बीम सॉ (फळ्या कापायची मोठी करवत), एजबँडर आणि ड्रिलिंग मशीन ही जुनी यंत्रं आहेत, आता जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचली एवढंच. आणि या चार कामांत ती आपल्यापेक्षा सरस आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावं लागेल. एजबँडर १८० ते २०० अंशांवर वितळलेला गोंद लावून पीव्हीसीची पट्टी दाबून बसवतो. हाताने लावलेली पट्टी शेगडीजवळ आणि सिंकखाली वर्षभरात सुटायला लागते, कारण गोंदाचा थर एकसारखा नसतो आणि दाबही सगळीकडे सारखा पडत नाही. प्रेसमध्ये दोन्ही बाजूंनी लॅमिनेट बसलेली फळी वाकत नाही. साइटवर एका बाजूला १ एमएमचा सनमायका आणि आतून नुसता रंग मारला, की उंच शटरला हमखास पोट येतं. ३५ एमएमची बिजागरीची वाटी मशीन चाळीस शटरना एकाच अंतरावर पाडतं. हाताने विसाव्या शटरला अर्धा एमएम इकडेतिकडे होतोच. इथे मशीनशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सुताराचं काम यंत्रांपेक्षा साहित्याने जास्त नेलं. लाकडी खिडकी गेली ती ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगमुळे. बाथरूमची लाकडी चौकट ग्रॅनाइटने घालवली आणि तिथलं दार फायबर-पीव्हीसीने. पॅनेलच्या दाराच्या जागी तयार फ्लश डोअर आलं. यातल्या एकाही ठिकाणी रोबोट नव्हता. म्हणून पुढची दहा वर्षं बाजारात नवीन बोर्ड आणि नवीन प्रोफाइल कुठले येतायत याकडे रोबोटच्या बातम्यांपेक्षा जास्त लक्ष ठेवा.

आता खरे रोबोट. २०१८ मध्ये सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात दोन यांत्रिक हातांनी आयकिया या फर्निचर कंपनीची एक साधी लाकडी खुर्ची जोडली. एकूण वीस मिनिटं लागली, त्यातली अकरा हालचाली कशा करायच्या याचा हिशेब मांडण्यात गेली. भोकं आधीच पाडलेली, सुटे भाग समोर मांडलेले, आणि तेवढ्यासाठी संशोधकांची तीन वर्षं खर्ची पडली. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने फरशी झाडणाऱ्या छोट्या रोबोटला जिगसॉ बसवून फळी कापून दाखवली. जोडणी मात्र माणसानेच करायची होती. तेव्हापासून यंत्रांची नजर आणि पकड खूप सुधारली आहे आणि अजून सुधारेल. पण ती सुधारते कारखान्यात, जिथे फळी दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच उजेडात येते. कॅटेरा नावाच्या अमेरिकन कंपनीने तर इमारतीच कारखान्यात बनवून जागेवर नुसत्या जोडायच्या, असा डाव मांडला होता. २०१५ ची स्थापना, सुमारे दोन अब्ज डॉलरचं भांडवल, आपल्या तामिळनाडूतल्या कृष्णगिरीचा कारखानाही तिच्या ताब्यात आला होता. २०२१ मध्ये ती बंद पडली.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ जातो तो जपान, आणि तिथलं चित्र पूर्ण दिलासा देणारं नाही. लाकडी घराच्या खांब-तुळयांचे सांधे पूर्वी तिथले सुतार हाताने आखून, पटाशीने कोरून करत. आज अशा नव्वद टक्क्यांहून जास्त घरांचं लाकूड कारखान्यात मशीनवर कापून, सांध्यासकट साइटवर येतं. १९८० च्या जनगणनेत जपानमध्ये सुमारे ९.४ लाख सुतार होते. २०२० मध्ये ते ३ लाखांच्या खाली आले. सगळा दोष यंत्रांचा नाही. घरबांधणी कमी झाली, म्हातारे सुतार निवृत्त झाले आणि नवीन मुलं आली नाहीत. पण मुलं न येण्याचं एक कारण यंत्रांशी बांधलेलं आहे. सांधे कोरण्याचं काम गेल्यावर शिकाऊ पोराने हात बसवायचा कशावर, हा प्रश्न उरला. आता तिथे ओरड आहे ती सुतार मिळत नाहीत म्हणून. खांब उभे करायला, जुन्या घराची तुळई बदलायला, वाकडी झालेली चौकट सरळ करायला माणूसच लागतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा येईल, तेव्हा ध्यानात ठेवा.

मशीनला काय जमत नाही हे समजायला जपानला जायची गरज नाही, आपला कडप्प्याचा ओटा पुरे. गवंड्याने उभ्या केलेल्या कडप्प्यांमधला गाळा कधीच काटकोनात नसतो. समोर ५६० एमएम, मागे भिंतीजवळ ५५२, खाली आणखी वेगळा. कारखान्याचा माणूस समोरून एक टेप लावतो, ५६० लिहितो, ५५६ चा बॉक्स बनवून आणतो आणि तो बॉक्स अर्ध्यात अडकतो. बॉक्स अगदी काटकोनात आहे, गाळा नाही. इथे रुंदीची सहा मापं घ्यावी लागतात: समोर वर, मध्ये, खाली आणि मागे वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना, खोली दोन्ही बाजूंना, शिवाय समोरचे दोन्ही कर्ण. सहांतलं सगळ्यांत लहान माप धरून त्यातून ६ एमएम वजा करायचे. ५५२ चा गाळा असेल तर बॉक्स ५४६ चा. समोर दोन्हीकडे सात-सात एमएमची फट राहील ती शटरखाली झाका. चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) थेट कडप्प्यावर मारायचं असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच भोक पाडा, नाही तर कडप्प्याचा पापुद्रा सुटतो. दोन्ही बाजूंचे चॅनल पुढे-मागे एक एमएमच्या आत समांतर हवेत, त्यासाठी प्लायच्या पट्टीमागे पॅकिंग. ज्या मशीनला नकाशाबरहुकूम भिंत हवी असते त्याला आपल्याकडची घरं फार जड जातात. मूळ नकाशा आणि झालेलं बांधकाम यात फरक असतो, गॅसची नळी नंतर टाकलेली असते, प्लास्टरच्या आत वायरिंग कुठून गेलंय ते घरमालकालाही माहीत नसतं.

वॉर्डरोबचंही असंच. २४०० एमएम उंच आणि ६०० खोल कपाट आडवं जोडून उभं करायला २४७४ एमएम उंची लागते, कारण उभं करताना ते कर्णावर फिरतं. पीओपी करून छत २४५० वर आलेल्या खोलीत ते उभं राहणारच नाही. कारखान्याच्या बिलात हे कुठे लिहिलेलं नसतं. फिटिंगवाल्याला कळतं तेव्हा माल जिना चढून वर आलेला असतो. ज्याने खोली स्वतः पाहिली आहे तो आधीच लॉफ्ट वेगळा काढतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलंय, तर ते आत्ता सुतारकीत शिरलंय चित्रांच्या वाटेने. गिऱ्हाईक मोबाइलवर एक सुंदर किचन बनवून आणतं आणि ‘असंच पाहिजे’ म्हणतं. त्या चित्रात सहा फुटांचा एकसंध शेल्फ हवेत तरंगत असतो, ड्रॉवर फ्रिजच्या दारावर उघडतो, सिंकखाली पाइपच नसतो. हे ओळखणं आणि नीट समजावणं हा आता धंद्याचा भाग झालाय. शेल्फचं साधं गणित पाठ ठेवा: पुस्तकं तेवढ्याच दाटीने ठेवली आणि लांबी दुप्पट केली तर झोळ सोळा पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठव्या हिश्श्यावर येतो. १८ एमएमच्या पार्टिकल बोर्डला साडेसातशे-आठशे एमएमच्या पुढे आधार द्यावाच लागतो. कोटेशन लिहिणं, कटलिस्ट काढणं, एका शीटमधून जास्तीत जास्त तुकडे कसे बसतील ते शोधणं ही कामं सॉफ्टवेअर चांगली करतं. ती त्याच्याकडून खुशाल करून घ्या. पण त्याला आकडे देणारा टेप तुमच्या हातात आहे, आणि चुकीचा आकडा दिला तर ते शांतपणे चुकीची कटलिस्ट काढून देतं.

आता कर्ज. साडेअकरा लाख, १२ टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे २५,६०० रुपये हप्ता. तुमच्या २५ शीट त्या कारखान्याकडून कापून घेतल्या तर बिल होतं १७,५०० रुपये. म्हणजे मशीनचा नुसता हप्ताच त्याच्यापेक्षा आठ हजारांनी जास्त. त्यावर ऑपरेटर १८,००० धरा; वीज, कटर, देखभाल, जागा मिळून १२,००० धरा. एकूण ५५,६००. शीटमागे ७०० च्या भावाने हे फिटायला महिन्याला ८० शीट लागतील, तुमच्या आजच्या कामाच्या तिप्पट. आणि राउटर फक्त कापतो आणि भोकं पाडतो, कडा लावत नाही. एजबँडर वेगळा, डस्ट कलेक्टर वेगळा, थ्री फेज कनेक्शन वेगळं. मशीनवाला हे पहिल्या भेटीत सांगत नाही. शिवाय भाव पडण्याचा धोकाही तुमच्याच डोक्यावर: उद्या शेजारच्या तालुक्यात आणखी दोन कारखाने आले की ७०० चे ५०० होतील. मशीन त्यांचं असेल तर या घसरणीचा तुम्हाला फायदा, तुमचं असेल तर तोटा. महिन्याला ऐंशी-नव्वद शीट सलग वर्षभर व्हायला लागल्या तर पुन्हा विचार करा. आज नको.

कारखान्याकडून काम करून घ्यायला मात्र शिकावं लागतं, आणि पहिल्या दोन-तीन कामांत फळ्या वाया जातात त्या इथेच. सुरुवात सूत (इंचाचा आठवा भाग) सोडण्यापासून. फूट-इंच-सुतात मोजून नंतर एमएम करायचं नाही, टेप सरळ एमएमवर वाचायचा. २३ इंच ५ सूत म्हणजे बरोबर ६०० एमएम. पण घाईत इंचाला २५ आणि सुताला ३ धरलं की ५९० होतात आणि कपाट दहा एमएमने लहान येतं. मुलाला पहिल्या दिवसापासून एमएमच शिकवा, त्याला ते तुमच्यापेक्षा लवकर बसेल.

दुसरं, कटलिस्टमधलं माप कापायचं की तयार, हे कारखान्याला आधी विचारा. ६०० रुंद कपाटाच्या एका शटरचं तयार माप ५९७ असतं, कारण शेजारच्या शटरमध्ये ३ एमएम फट हवी. चारही कडांना २ एमएमची पट्टी लावायची तर फळी ५९३ कापावी लागते. तुम्ही ५९३ दिलं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने पट्टी पुन्हा वजा केली तर शटर ५९३ चंच तयार होऊन येतं, फट ७ एमएम. ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. आतली मापंही पाठ करा: १८ एमएम बोर्डच्या ६०० कपाटात आतली रुंदी ५६४, टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे पावणेतेरा-तेरा एमएम लागतात, म्हणून ड्रॉवर बॉक्स ५३८.

प्रत्येक तुकड्यापुढे रेषांची दिशा लिहा, उभी की आडवी. लाकडी डिझाइनच्या लॅमिनेटमध्ये हे विसरलात तर सॉफ्टवेअर शीट वाचवण्यासाठी शटर फिरवून टाकतं आणि पाच शटरमध्ये एक आडवं दिसतं. शटर डावं की उजवं, बिजागरीचा क्रँक (बाक) झिरो, आठ की सोळा, तेही लिहा. बिजागऱ्या ९०० उंचीपर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार, त्याच्यावर पाच. वाटीचं केंद्र कडेपासून साधारण २२.५ एमएमवर येतं, पण कंपनीनुसार बदलतं, म्हणून एक बिजागरी आणि एक चॅनल कारखान्यात नेऊन त्यांच्या हातात द्या. ज्या भिंतीला कपाट टेकणार आहे तिथे ४०-५० एमएमची फिलर पट्टी जादा मागा, कडा न लावलेली. ती साइटवर भिंतीच्या वाकणाप्रमाणे रंध्याने उतरवायची आहे.

पहिल्या वेळी अख्खं किचन टाकू नका, एकच कपाट करून घ्या. माल उचलण्याआधी तिथेच मोजा: कर्णांत एक एमएमपेक्षा जास्त फरक नको, पट्टीच्या सांध्यात नख अडकायला नको, भोकं आरपार गेलेली नकोत. आणि काम देताना व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, की चूक कटलिस्टमध्ये असेल तर फळीचे पैसे तुमचे, कटलिस्ट बरोबर असूनही चुकलं तर त्यांचे.

तुमचं बिल आता बदलायला हवं. चौरस फुटाला मजुरी या एकाच आकड्यात तुमचं मोजमाप, डोकं आणि फिटिंग लपलेलं आहे. फळ्या कारखान्यातून कापून आल्या हे दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, मग मजुरी कशाची? म्हणून चार ओळी वेगळ्या लिहा: मोजमाप आणि ड्रॉइंग, बोर्ड आणि कारखान्याचं काम, हार्डवेअर, जोडणी-फिटिंग, युनिटप्रमाणे. मोजमापाचे पैसे आगाऊ घ्या आणि काम मिळालं तर बिलातून वळते करा. तुमचं ड्रॉइंग घेऊन दुसऱ्याकडे जाणारे यातून कमी होतात. त्या कारखान्यालाही फिटिंगला माणसं लागत असतील. त्याच्याशी युनिटमागे दर ठरवा, पण त्यात ‘मोजमाप आमचंच’ ही अट घाला. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर फिटिंग करण्यात दिवस फुकट जातात.

दुरुस्तीला कमी लेखू नका. सिंकखालचा फुगलेला तळ काढून आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा) प्लाय बसवणं, बसलेले चॅनल बदलणं, वाळवी लागलेली चौकट अर्धी कापून जोड देणं, यातलं एकही काम दुसऱ्यासारखं नसतं आणि मशीन तिथवर यायचं नाही. पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराचंच बघा. अनाडी माणूस जुलैमध्ये पाच एमएम रंधा मारतो आणि मार्चमध्ये दाराला बोटभर फट पडते. कळणारा दीड-दोन एमएम उतरवतो, दार काढून वरची आणि खालची कड सीलरने बंद करतो, कारण ओल तिथूनच शिरते, आणि बाकीचं दिवाळीनंतर बघू म्हणतो.

तीन कारागिरांपैकी जो फक्त कापतो आणि सनमायका चिकटवतो, त्याची मला काळजी वाटते. त्याचं काम वर्ष-दोन वर्षांत निम्मं होईल. त्याला ते आत्ताच सांगा आणि फिटिंगला बरोबर न्यायला लागा, आधी शटर जुळवायला, मग कपाटं लेव्हलला बसवायला. चाळिशी ओलांडलेला माणूसही हे सहा महिन्यांत शिकतो. काम संपल्यावर एका रात्रीत सांगणं बरं नव्हे.

आता मुलगा. मेव्हण्यांचं अर्धं म्हणणं माना: त्याला कॉम्प्युटर यायला हवा. पण सुतारकी सोडून नव्हे. आयटीआयला सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथे नाव घाला, म्हणजे प्रमाणपत्रही होईल. त्या वर्षात सुट्टीच्या दिवशी साइट. जपानची गोष्ट इथे लागू होते: कारखान्यातून तयार माल यायला लागला की शिकाऊ मुलाचा हात बसवणारं काम घरातून नाहीसं होतं. म्हणून ते मुद्दाम द्यावं लागेल. पटाशी आणि रंध्याचं पातं धार लावून कागद कापेपर्यंत आणणं, गुण्या तपासणं, ३-४-५ ने काटकोन काढणं, ओळंबा आणि पाण्याची नळी वापरून लेव्हल घेणं, सागाच्या पट्ट्यांची एक चौकट हाताने सांधे करून जोडणं. एक चौकट नीट बसेपर्यंत चार मोडू द्या. ज्याने स्वतः सांधा केला आहे त्याला मशीनचं चुकलेलं लांबून दिसतं.

संध्याकाळी स्केचअप, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. शिकायला वेबवरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. पहिलं चित्र तुमच्याच घरातल्या ओट्याचं, सहा मापांसकट. तीन महिन्यांत तुमच्या सगळ्या कटलिस्ट त्याने काढायच्या, तुम्ही तपासायच्या. दोन वर्षांनी त्याची इच्छा असेल तर बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत मशीनवरच्या लाकूडकामाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथला कोर्स करू द्या. स्वतःचं मशीन घ्यायची वेळ तेव्हा आली तर घरात चालवणारा तयार असेल. आणि पहिल्या दिवसापासून चांगला मास्क. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात टाकली आहे, आणि एमडीएफची धूळ फार बारीक असते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

पैशांची गरज असेल तर सीएनसीच्या कर्जाऐवजी पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात सुतार आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्क्यांनी आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि वय १८ पूर्ण हवं, तेव्हा अर्ज तुमच्या नावाने करा. आधार आणि बँक पासबुक घेऊन सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रात) नोंदणी होते, नंतर ग्रामपंचायतीची पडताळणी असते. त्या पैशांत आधी चांगला लेसर लेव्हल घ्या, मग डस्ट बॅगसह ट्रॅक सॉ (पट्टीवर सरळ चालणारी करवत) आणि दोन कॉर्डलेस ड्रिल. फिटिंगच्या कामाला लागतं ते एवढंच.